अर्काचा झोन एकदा येतो, एकदा येत नाही: पाणी नक्की कुठे मुरते?

रानातून एक औषधी झुडूप आणले. पाने सावलीत वाळवली, भुकटी केली, मेथॅनॉलमध्ये भिजवून अर्क काढला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या प्लेटवर अर्क शोषलेली कागदी डिस्क ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याभोवती १४ मिलिमीटरचा स्वच्छ झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेले वर्तुळ, दिसला. तीन आठवड्यांनी तोच अर्क, तोच जिवाणू, तेच माध्यम, आणि डिस्कच्या अगदी कडेपर्यंत वाढ. अँटिऑक्सिडंट चाचणीचेही तेच झाले. डीपीपीएच या जांभळ्या रसायनाचा निम्मा भाग संपवायला लागणारे अर्काचे प्रमाण, म्हणजे आयसी-५०, आधी ४२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, मग १०६.

माझ्याकडे हे घडले तेव्हा पहिला आठवडा मी हंगाम, जमीन, पाने खुडण्याची वेळ यांच्यावर खापर फोडण्यात घालवला. अर्क तर एकाच बाटलीतला होता, मग हंगामाचा संबंध येतोच कुठे? तेव्हापासून मी शोधाचा क्रम उलटा केला आहे: आधी प्लेट, मग सॉल्व्हंट (अर्क विरघळवणारा द्रव), मग अर्काचे वजन, मग तो विरघळला का ते, आणि वनस्पती सगळ्यांत शेवटी. झुडपाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचे सगळे कोणत्याही पानाला, सालीला, मुळीला लागू पडते.

आधी अँटिबायोटिकची डिस्क

अर्काचा झोन बघण्याआधी त्याच प्लेटवरच्या अँटिबायोटिकचा झोन मोजा. उदाहरणार्थ, ई. कोलाय जिवाणूच्या एटीसीसी २५९२२ या प्रमाण स्ट्रेनवर जेंटामायसिनच्या १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कचा झोन १९ ते २६ मिलिमीटरमध्ये यायला हवा. तो १७ किंवा ३० आला असेल तर त्या दिवशीच्या अर्काच्या आकड्याला काहीही अर्थ नाही. चांगला असो की वाईट, तो आकडा वहीत नोंदवा आणि त्यावर फुली मारा.

हा झोन बिघडण्याची कारणे मोजकीच आहेत. म्युलर-हिंटन अगार या माध्यमाची जाडी ४ मिलिमीटर हवी. ९० मिलिमीटरच्या प्लेटला त्यासाठी साधारण २५ मिलिलिटर माध्यम लागते. नजरेच्या अंदाजाने ओतले की एका प्लेटमध्ये १८ जाते, दुसऱ्यात ३०. पातळ थरात औषध खाली जाण्याऐवजी बाजूला पसरते आणि झोन मोठा दिसतो. टेबल तिरके असेल तर एकाच प्लेटच्या दोन कडांना दोन वेगळे झोन मिळतात. मी आता ओतण्याआधी टेबलावर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी ठेवते आणि माध्यम मोजून ओतते. माध्यमाचा सामू ७.२ ते ७.४ हवा, आणि तो अगार थंड झाल्यावर तपासायचा.

मग इनॉक्युलम, म्हणजे प्लेटवर पसरायचे जिवाणूंचे द्रावण. ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचे माप) म्हणजे दर मिलिलिटरला साधारण १ ते २ कोटी नव्हे, १० ते २० कोटी जिवाणू. हा शून्याचा घोळ मी बऱ्याच वह्यांमध्ये पाहिला आहे. मॅकफारलंडची नळी म्हणजे बेरियम सल्फेटचा गढूळपणा, आणि तो तळाशी बसतो. नळी न हलवता तुलना केली तर वरचे पाणी जवळपास स्वच्छ असते, आपण जिवाणूंचे द्रावण त्याच्याइतके पातळ करतो आणि झोन फुगतो. काळ्या रेघा असलेले पांढरे कार्ड दोन्ही नळ्यांच्या मागे धरा. रेघा सारख्याच पुसट दिसल्या पाहिजेत. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३ हे रीडिंग हवे. तयार द्रावण १५ मिनिटांत स्वॅबने पसरवा आणि त्यापुढच्या १५ मिनिटांत डिस्क ठेवा. सहा अर्कांच्या डिस्क चिमट्याने निवांत ठेवत बसलो की शेवटच्या प्लेटवर जिवाणूंना वाढीला आधीच सुरुवात करायला वेळ मिळतो आणि तिथले झोन लहान येतात.

माझ्या प्लेटवर मात्र जेंटामायसिन दोन्ही वेळा बरोबर आले होते. म्हणजे प्लेट निर्दोष होती.

ओली डिस्क

माझा १४ मिलिमीटरचा झोन बहुतांशी मेथॅनॉलचा होता. पहिल्या वेळी घाईत डिस्कवर अर्क टाकून दहा मिनिटांत ती प्लेटवर ठेवली होती. दुसऱ्या वेळी डिस्क रात्रभर वाळल्या होत्या. वहीत दोन्ही दिवशी एकच वाक्य होते: ‘डिस्क वाळवून ठेवल्या.’ किती वेळ, कुठे, झाकण उघडे की बंद, यातले काहीच लिहिलेले नव्हते.

खात्री करण्यासाठी एका प्लेटवर चार डिस्क शेजारी शेजारी ठेवल्या: अर्काची ओली, अर्काची वाळलेली, नुसत्या मेथॅनॉलची ओली, नुसत्या मेथॅनॉलची वाळलेली. नुसत्या मेथॅनॉलच्या ओल्या डिस्कभोवतीही झोन आला, वाळलेलीभोवती आला नाही. एका प्लेटच्या खर्चात प्रश्न सुटला. झोन येतो-जातो असे दिसले की सर्वांत आधी हीच प्लेट लावा.

सॉल्व्हंटचा कंट्रोल (तुलनेसाठी नुसत्या सॉल्व्हंटची डिस्क) बहुतेक जण ठेवतात, पण अर्काची डिस्क जशी वागवली तशी ती वागवत नाहीत. अर्क चार हप्त्यांत टाकला असेल तर सॉल्व्हंटही चार हप्त्यांत टाकायचा, तितकाच आणि तितकाच वेळ वाळवायचा. ६ मिलिमीटरच्या कागदी डिस्कमध्ये एका वेळी फार तर २० मायक्रोलिटर मावतात. त्याहून जास्त टाकले की अर्क डिस्कखाली ओघळतो आणि पेट्रीडिशच्या तळाला हिरवे वर्तुळ उमटते. ते वर्तुळ दिसले की डिस्कवर नक्की किती अर्क राहिला हे सांगता येत नाही, ती डिस्क टाकून द्या. एकेका वेळी १० मायक्रोलिटर टाका आणि मधे पूर्ण वाळू द्या.

डीएमएसओ या दुसऱ्या सॉल्व्हंटची गोष्ट वेगळी. त्याचा उत्कलनबिंदू १८९ अंश सेल्सिअस आहे, खोलीच्या तापमानाला तो वाळण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. तो डिस्कमध्ये राहणारच हे धरून त्याचा कंट्रोल ठेवायचा. शिवाय तो त्वचेतून आत जातो आणि स्वतःत विरघळलेले पदार्थही सोबत नेतो, त्यामुळे अनोळखी वनस्पतीचा अर्क डीएमएसओमध्ये हाताळताना हातमोजे हवेतच.

एक कारण सहसा लक्षात येत नाही: अर्काचा सामू. काही फळांचे आणि पानांचे जलीय अर्क चांगलेच आंबट असतात आणि झोन त्या आम्लाचा असू शकतो. सामूपट्टी बुडवायला अर्धे मिनिट लागते. आम्लधर्मी निघाला तर तितक्याच सामूच्या साध्या पाण्याची एक डिस्क किंवा वेल (अगारमधला खड्डा) सोबत लावा.

१०० मिलिग्रॅम म्हणजे खरोखर किती?

रोटरी इव्हॅपोरेटरमधून फ्लास्क काढला की अर्क गडद हिरव्या चिकट काकवीसारखा तळाला बसलेला असतो. दिसायला कोरडा, पण त्यात सॉल्व्हंट आणि पाणी अडकलेले असते. माझ्या एका फ्लास्कचे वजन, रिकाम्या फ्लास्कचे वजा करून, पहिल्या दिवशी १.८४ ग्रॅम भरले. डेसिकेटरमध्ये ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी १.५६, तिसऱ्या दिवशी १.५०, चौथ्या दिवशीही १.५०. पहिल्या दिवशीच्या वजनावर स्टॉक बनवला असता तर १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असे लेबल लावलेल्या बाटलीत प्रत्यक्षात ८२ च्या आसपास भरले असते. लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत थांबा.

उलटेही होते. मेथॅनॉलच्या आणि पाण्याच्या अर्कात साखरा पुष्कळ असतात आणि त्या हवेतले पाणी ओढून घेतात. बाटली फ्रीजमधून काढून लगेच उघडली की थंड अर्कावर दव धरते. बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण उघडायचे. त्याहून बरे म्हणजे कोरडा अर्क पहिल्याच दिवशी छोट्या छोट्या कुप्यांत वजन करून भरायचा, उणे २० अंशांना अंधारात ठेवायचा, आणि दर प्रयोगाला एक नवी कुपी फोडायची.

विरघळला की नुसता तरंगतोय?

डीएमएसओमधला स्वच्छ हिरवा स्टॉक पाण्यात किंवा ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रव माध्यमात) टाकला की क्षणात दुधाळ होतो. मेणे, हरितद्रव्य आणि पाण्यात न मिसळणारे टर्पिनॉइड बाहेर पडतात. आता पिपेटचे टोक वरच्या थरात बुडवले की तळाशी, यावर तुम्ही किती अर्क उचलला हे ठरते. एकाच नळीतून काढलेल्या तीन प्रतींमध्ये मोठा फरक दिसला तर कारण बहुधा हेच असते.

गाळून टाकणे हा त्यावरचा उपाय नाही. गाळणीवर राहिलेला साका हाही अर्काचाच भाग, आणि कदाचित काम करणारा भाग तोच असेल. शिवाय नायलॉनची गाळणी पॉलिफिनॉल धरून ठेवते. निर्जंतुक करण्यासाठी ०.२२ मायक्रॉनची गाळणी वापरायचीच असेल तर स्टॉक पूर्ण विरघळलेला असताना, पाणी घालण्याआधी, त्या सॉल्व्हंटला टिकणाऱ्या पीटीएफईच्या गाळणीतून काढा.

डिस्क पद्धतीची मोठी मर्यादाही इथेच आहे. अगार म्हणजे जवळपास सगळे पाणीच. त्यातून पाण्यात विरघळणारे छोटे रेणू सहज पसरतात, तेलकट आणि मोठे रेणू डिस्कजवळच अडकतात. टॅनिनसारखे पदार्थ माध्यमातल्या प्रथिनांनाच जाऊन चिकटतात. म्हणून झोन आला नाही याचा अर्थ अर्क निष्क्रिय आहे असा होत नाही, आणि झोन मोठा आला याचा अर्थ अर्क जालीम आहे असाही नाही. जेंटामायसिनचे २२ मिलिमीटर आणि अर्काचे १२ मिलिमीटर एका तक्त्यात शेजारी मांडून अर्क निम्मा प्रभावी आहे असे लिहिणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे आहे. डिस्क चाळणीपुरती वापरा. आकडा हवा असेल तर एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारे किमान प्रमाण, काढा.

ब्रॉथमध्ये एमआयसी काढताना

९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट, दर पायरीला निम्मे होत जाणारे अर्काचे डायल्युशन आणि प्रत्येक वेलमध्ये शेवटी दर मिलिलिटरला ५ लाख जिवाणू. इथे सगळ्यांत जास्त चुका हिशेबाच्या होतात. वेलमधल्या १०० मायक्रोलिटर अर्कात १०० मायक्रोलिटर जिवाणू घातले की अर्क निम्मा होतो. हे एकदा धरले आणि एकदा विसरले तर एमआयसी बरोबर दुप्पट किंवा निम्मी येते. दोन दिवसांच्या निकालांत नेमका दुपटीचा फरक असेल तर आधी वहीतला हिशेब तपासा. अर्थात डायल्युशनच्या एका पायरीचा फरक या पद्धतीत चालतो, त्यासाठी झोप उडवून घेऊ नका. डीएमएसओ वेलमध्ये १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि प्रत्येक वेलमध्ये तो सारखाच राहील असे बघा.

पानाचा अर्क हिरवा किंवा तपकिरी असल्याने गढूळपणा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रेझाझुरिन किंवा आयएनटीसारखा रंगदर्शक घालतात. जिवंत जिवाणू निळे रेझाझुरिन गुलाबी करतात, रंगहीन आयएनटी लाल करतात. वनस्पतींच्या अर्कांसाठी आयएनटीची ही मायक्रोप्लेट पद्धत एलॉफ यांनी १९९८ मध्ये मांडली आणि ती आजही खूप वापरली जाते.

पण आपल्या अर्कात अँटिऑक्सिडंट आहेत, म्हणजेच तो स्वतः क्षपण करणारा, जिवंत जिवाणूंसारखाच रंगदर्शकाला इलेक्ट्रॉन देणारा, आहे, हे इथे विसरून चालत नाही. तीव्र अर्क जिवाणूंशिवायही रेझाझुरिन गुलाबी करू शकतो. मग सगळ्यांत जास्त अर्काच्या वेलमध्ये वाढ, मधल्या वेलमध्ये वाढ नाही आणि शेवटी पुन्हा वाढ, असे विचित्र चित्र दिसते. ते चित्र घेऊन कोणी आले की मी एकच विचारते: ‘अर्क अधिक ब्रॉथ, जिवाणू नाहीत, अशी रांग लावली होती का?’ ती रांग प्रत्येक प्लेटवर हवी. तीही गुलाबी झाली तर रंगावर विसंबू नका, शंकेच्या वेलमधून १० मायक्रोलिटर स्वच्छ अगारवर टाका आणि वसाहती येतात का ते बघा. जिवाणू मेले की नुसती वाढ थांबली होती, हेही त्यातूनच कळते.

ई. कोलाय आणि स्यूडोमोनासवर काहीच परिणाम नाही, स्टॅफिलोकॉकसवर मात्र आहे, ही तक्रार घेऊन बरेच जण येतात. यात चूक काहीच नाही. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरचे जादा आवरण असते आणि आत शिरलेले रेणू बाहेर फेकणारे पंपही असतात. वनस्पतिजन्य पदार्थ तिथे अडखळतात हे नेहमीचेच आहे.

डीपीपीएच: ४२ की १०६?

इथे माझ्या दोन आकड्यांत तीन वेगवेगळे दोष मिसळले होते.

पहिला दोष संदर्भ पदार्थाने पकडून दिला. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचा एक रेणू डीपीपीएचचे साधारण दोन रेणू संपवतो. मिश्रणात डीपीपीएच शेवटी ०.१ मिलिमोलर असेल तर निम्मे संपवायला ०.०२५ मिलिमोलर अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड लागते, म्हणजे दर मिलिलिटरला ४.४ मायक्रोग्रॅम. डीपीपीएच ०.०५ मिलिमोलर असेल तर २.२. हा हिशेब कागदावर आधीच करून ठेवा. तुमचा अ‍ॅस्कॉर्बिकचा आयसी-५० त्याच्या आसपास नसेल तर अर्काच्या आकड्याकडे बघूच नका. माझा एकदा ९ आला. द्रावण आदल्या दिवशीचे होते आणि अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचे पातळ द्रावण हवेने लवकर खराब होते. दर वेळी ताजे करा.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट कळते. आयसी-५० हा वनस्पतीचा पक्का गुणधर्म नाही, तो तुम्ही किती डीपीपीएच घेतले यावर हलतो. एका दिवशी अर्क आणि डीपीपीएच समान घेतले, दुसऱ्या दिवशी १ मिलिलिटर अर्काला ३ मिलिलिटर डीपीपीएच घेतले, तर डीपीपीएचचे अंतिम प्रमाणही बदलले आणि अर्काचेही. त्यात एकदा स्टॉकचे प्रमाण लिहिले आणि एकदा मिश्रणातले, की आकडे जुळण्याची आशाच नको. ०.१ मिलिमोलर द्रावण म्हणजे १०० मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये ३.९४ मिलिग्रॅम. एवढेसे वजन साध्या तराजूवर नीट होत नाही. जास्त वजन करून घट्ट स्टॉक बनवा, मग पातळ करा, आणि वजनापेक्षा ५१७ नॅनोमीटरच्या रीडिंगवर विश्वास ठेवा. ते १.१ च्या आसपास यायला हवे. बाटलीला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. जांभळा रंग दुपारपर्यंत फिका पडत असेल तर उजेड आत जातोय.

तिसरा दोष अर्काच्या स्वतःच्या रंगाचा. हा इतका सरसकट दिसतो की थोडे थांबून सांगते. नुसत्या डीपीपीएचचे रीडिंग १.१०. अर्क घातल्यावर अर्ध्या तासाने ०.५२. सरळ हिशेबाने ५२.७ टक्के. पण तोच अर्क, तितकाच, डीपीपीएचऐवजी साध्या मेथॅनॉलमध्ये घालून मोजला तर एकट्या अर्काचेच रीडिंग ०.१७ भरले. म्हणजे शिल्लक डीपीपीएचचे खरे रीडिंग ०.३५, आणि क्रिया ६८.२ टक्के. प्रत्येक प्रमाणासाठी असा वेगळा ब्लँक लागतो, कारण अर्क जितका जास्त तितका त्याचा रंग जास्त. हा ब्लँक नसेल तर आलेख वर चढता चढता शेवटी खाली वाकतो. जास्त अर्कात क्रिया कमी दिसली की समजावे, रंग वजा करायचा राहिला आहे. लाल-जांभळ्या फुलांच्या आणि फळांच्या अर्कात हे सर्वांत जास्त होते, कारण अँथोसायनिन रंगद्रव्ये नेमकी ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात.

वेळेचेही बघा. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड काही मिनिटांत काम संपवते, बरेच पॉलिफिनॉल रेंगाळतात. ३० मिनिटांची प्रथा आहे, पण एका प्रमाणाचे रीडिंग ५, १५, ३०, ६० मिनिटांना घेऊन बघा. ३० नंतरही ते घसरतच असेल तर रीडिंग घड्याळ लावून घ्यावे लागेल. बारा क्युवेट एकापाठोपाठ वाचताना पहिली ३० मिनिटांची आणि शेवटची ४५ मिनिटांची होते. जलीय अर्क असेल तर मिश्रणात पाणी जास्त होऊ देऊ नका, डीपीपीएच पाण्यात विरघळत नाही आणि गढूळपणा रीडिंग वाढवतो.

रंगाचा त्रास संपतच नसेल तर एबीटीएस ही दुसरी अँटिऑक्सिडंट चाचणी करा. ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट १२ ते १६ तास अंधारात ठेवायचे, मग पातळ करून ७३४ नॅनोमीटरला ०.७० वर आणायचे. ७३४ ला पानांचे रंग फारसे आड येत नाहीत. फोलिन-सिओकॅल्ट्यूच्या एकूण फिनॉलच्या आकड्याने मात्र हुरळून जाऊ नका. तो अभिकर्मक अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडशी आणि काही साखरांशीही रंग देतो.

आणि मग वनस्पती

एवढे सगळे जुळले आणि तरीही नव्या खेपेचा अर्क जुन्यापेक्षा वेगळा निघाला, तर आता वनस्पतीकडे वळा. ओळख वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याकडून करून घेतली होती का, आणि फुलाफळांसह दाबून ठेवलेला नमुना हर्बेरियममध्ये आहे का? तो नसेल तर दोन खेपा एकाच जातीच्या होत्या हे सिद्ध करता येत नाही. पाने ढिगात वाळली की पसरून? ढिगात वाळलेली पाने आतून काळपट होतात. पेशी फुटल्यावर पानातलीच विकरे पॉलिफिनॉलचे ऑक्सिडीकरण करतात, आणि बुरशी धरली तर तिचेही पदार्थ अर्कात येतात. मी आता पहिल्याच वेळी सगळ्या चाचण्यांना पुरेल एवढी भुकटी एकत्र करून ठेवते.

प्रतींबद्दलही एक सांगायचे आहे. एका कुपीतून, एका दिवशी, एका प्लेटवर ठेवलेल्या तीन डिस्क म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग तीनदा मोजला. वेगळ्या दिवशी, नव्या इनॉक्युलमने, नव्याने विरघळवलेल्या अर्काने केलेला प्रयोग तो दुसरा.

माझ्या झुडपाचे असे तीन प्रयोग शेवटी झाले. डीपीपीएचचा आयसी-५० ५८, ६१ आणि ५६ आला, अ‍ॅस्कॉर्बिक प्रत्येक वेळी ४ ते ५ मध्ये. स्टॅफिलोकॉकसवरची एमआयसी तिन्ही वेळा २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. रिओस आणि रेसिओ यांनी २००५ मध्ये सुचवल्याप्रमाणे अर्कासाठी १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वरच्या प्रमाणांवरचे प्रयोग टाळावेत, आणि मला ते पटते. म्हणून अहवालात जिवाणूरोधक क्रियेच्या रकान्यात ‘तपासलेल्या मर्यादेत उल्लेखनीय नाही’ असे लिहिले, आणि १४ मिलिमीटरच्या त्या प्लेटचा फोटो ओल्या डिस्कच्या नोंदीसह परिशिष्टात लावला.